तीच अक्षरं दोनदा

सुरुवात लॅबमधूनच करतो, म्हणजे पुढचं पोलंडचं पुराण कुठून निघालं ते कळेल.

नेटवर्क सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल चालू होतं. दोन लिनक्स मशीन, दोन्हींवर स्ट्रॉंगस्वान टाकलेलं, आणि मध्ये व्हीपीएनचा बोगदा उभा करायचा. काम तसं सोपं. एका फाईलमध्ये जोडणीची माहिती लिहायची. आपला पत्ता कोणता, समोरचा कोणता, कुठले अल्गोरिदम चालतील, ओळख कशी पटवायची. समोरच्या मशीनवर तीच माहिती उलट बाजूने, आणि दोघांकडे एक गुप्त शब्द सारखा. आमची फाईल आमच्या मते एकदम टकाटक होती, पण बोगदा काही उठेना. लॉगमध्ये एकच रड, की तुमचा एकही प्रस्ताव समोरच्याला मान्य नाही. आम्ही अल्गोरिदम बदलला, सेव्ह केलं, पुन्हा तीच रड. पुन्हा बदलला, पुन्हा तीच. तासभर असा गेल्यावर मागच्या बेंचवरच्या एका सीनियरने शांतपणे विचारलं, की फाईल बदललीत ते ठीक, पण चॅरॉनला कुणी सांगितलं का?

चॅरॉन हा तिथला डीमन. डीमन म्हणजे भूत नव्हे, पडद्यामागे गुपचूप चालत राहणारा प्रोग्राम. नाव ग्रीक पुराणातल्या नावाड्याचं, मेलेल्यांना नदीपार नेणाऱ्याचं. दोन मशीनमध्ये चाव्यांची देवाणघेवाण घडवून आणायची ही याची नोकरी. आणि हा बाबा आपण फाईलमध्ये काय खरडतोय ते बघत बसत नाही. त्याच्या मेमरीत जे भरलेलं असतं तेवढंच त्याला ठाऊक. नवी सेटिंग्ज आणि गुप्त शब्द त्याच्यात भरायला वेगळी लोडची कमांड द्यावी लागते. ती दिली आणि बोगदा दोन सेकंदात उठला. आमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

असो. त्या रात्री मेसमधून परत येताना डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला. फाईलमधला गुप्त शब्द महिनोन्महिने तोच. पण खरा डेटा ज्या चावीने कुलूपबंद होतो ती प्रत्येक सत्राला नवी. मग ती नवी चावी समोरच्याकडे पोचते कशी? तारेवरून पाठवायची तर ऐकणारा ऐकेल. आज याचं उत्तर आपल्या सिलॅबसमध्ये आहे, ते पुढे येईलच. पण ते उत्तर सापडायच्या आधी जर्मन सैन्याने याच प्रश्नाचं एक उत्तर काढलं होतं. वरवर बघता अगदी शिस्तीचं उत्तर. त्या शिस्तीत 27 वर्षांच्या एका गणितज्ञाने बोट घातलं आणि अख्खं मशीन बाहेर ओढून काढलं. त्याचं नाव मारियान रेयेफ्स्की. (स्पेलिंग बघून रेजेवस्की म्हणू नका, पोलिश भाषेत जेचा उच्चार य होतो.)

रेयेफ्स्कीचा जन्म 16 ऑगस्ट 1905 चा. गाव बिडगोश्च. आज ते पोलंडमध्ये आहे, पण तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. गाव जर्मन साम्राज्यात होतं आणि त्याचं नाव होतं ब्रोमबर्ग. वडिलांचा तंबाखू-सिगारचा व्यापार. घरी पोलिश, शाळेत जर्मन. पहिलं महायुद्ध संपल्यावर पोलंड पुन्हा देश झाला तेव्हा हा पोरगा शाळेतच होता. म्हणजे शाळेतली जर्मन त्याला आवडीनिवडीने नाही, जुन्या राज्यकर्त्यांमुळे येत होती. हीच भाषा पुढे कामाला आली.

शाळा संपवून तो पोझनानच्या विद्यापीठात गणिताला गेला. जानेवारी 1929 मध्ये तिथे एक विचित्र प्रकार घडला. उत्तम जर्मन येणाऱ्या निवडक गणिताच्या विद्यार्थ्यांना बोलावून एका गुप्त कोर्सला बसायला सांगण्यात आलं. कुणाकडे बोलायचं नाही. शिकवायला वॉर्साहून सैन्याच्या सायफर ब्युरोची माणसं येत, विषय गुप्तलिपी. आता हे वाचायला साधं वाटतं, पण त्या काळी गुप्तलिपी फोडणं हे भाषेच्या लोकांचं काम समजलं जाई. शब्दकोडी सोडवणारे, जुनी हस्तलिखितं वाचणारे, असे लोक त्यात घेत. गणितवाल्यांना बोलवायचं हे पोलिश ब्युरोला सुचलं, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं अर्धं श्रेय तिथेच जातं. त्याच कोर्समधून आणखी दोघे निवडले गेले, हेन्रिक झिगाल्स्की आणि येझी रुझित्स्की. तिघांची नावं आता एकत्रच घेतली जातात.

गंमत म्हणजे रेयेफ्स्कीने कोर्स अर्धवट सोडला. डिग्री घेऊन तो जर्मनीत ग्योटिंगेनला विम्याचं गणित शिकायला गेला. म्हणजे सरळमार्गी पोराचं प्लेसमेंट चालू होतं म्हणा. तेही पूर्ण केलं नाही. 1930 च्या उन्हाळ्यात पोझनानला असिस्टंटची जागा मिळाली म्हणून परत आला आणि फावल्या वेळात ब्युरोच्या तिथल्या छोट्या शाखेत काम करू लागला. 1 सप्टेंबर 1932 पासून तिघेही वॉर्साला ब्युरोच्या मुख्य ऑफिसात पक्के झाले.

थोड्याच दिवसांत वरिष्ठांनी रेयेफ्स्कीला बाजूला घेतलं. एक वेगळी खोली दिली आणि एक वेगळं काम. ते बाकीच्या दोघांनाही सांगायचं नव्हतं. काम होतं एनिग्मा.

आता हे मशीन नीट समजून घेऊया, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणि वर 26 छोटे दिवे. एक अक्षर दाबलं की भलत्याच अक्षराचा दिवा लागतो, ते झालं गुप्त अक्षर. आत तीन फिरती चक्रं, म्हणजे रोटर. प्रत्येकात 26 तारांचा गुंता. वीज तिन्ही रोटरमधून जाते, शेवटच्या रिफ्लेक्टरवर आपटते आणि दुसऱ्या वाटेने परत येते. दर अक्षराला उजवा रोटर एक घर पुढे सरकतो, त्यामुळे दर अक्षराला अख्खा गुंता बदलतो. सैन्याच्या मॉडेलला समोर एक प्लगबोर्डही होता, केबल लावून अक्षरांच्या जोड्या अदलाबदल करायला. 1932 मध्ये अशा सहा जोड्या लावत. नुसत्या त्या सहा जोड्या लावण्याचे प्रकार दहा हजार कोटींच्या वर होतात.

रिफ्लेक्टरमुळे एक सोय होती. ए दाबल्यावर के येत असेल तर त्याच स्थितीत के दाबल्यावर ए येणार. म्हणून त्याच मशीनवर लिहिताही येई आणि वाचताही येई. फक्त दोन्ही टोकांना सेटिंग्ज तंतोतंत एक हवी. त्यासाठी छापील तक्ता असे. त्यात रोटर कुठल्या क्रमाने बसवायचे, त्यांच्या रिंगा कुठे ठेवायच्या, प्लग कोणते जोडायचे आणि सुरुवातीला रोटर कुठल्या अक्षरांवर आणायचे, ते लिहिलेलं. सकाळी तक्ता बघायचा आणि मशीनमध्ये सेटिंग्ज भरायची. आमच्या लॅबमधल्या फाईलचंच काम, फक्त लोडची कमांड म्हणजे ऑपरेटरचे दोन हात. एखाद्याने कालचे प्लग तसेच ठेवले तर त्याचंही आमच्यासारखंच होणार.

पण दिवसभरात शेकडो तारा जाणार, सगळ्या एकाच सुरुवातीपासून लिहिल्या तर फोडणाऱ्याचं काम सोपं होतं, हे जर्मनांनाही कळत होतं. म्हणून प्रत्येक तारेला वेगळी चावी. ऑपरेटरने आपल्या मनाने तीन अक्षरं निवडायची. रोटर आधी तक्त्यातल्या सुरुवातीच्या जागी आणायचे, ती तीन अक्षरं टाइप करायची, मग रोटर त्या अक्षरांवर फिरवून मूळ मजकूर सुरू करायचा. समोरचा तेच उलट करून चावी काढणार. दिवसाची सेटिंग्ज वेगळी, तारेची चावी वेगळी. कल्पना चांगलीच आहे, आजही आपण तेच करतो.

घोळ पुढे आहे. रेडिओवर खरखर असते, तीनपैकी एखादं अक्षर चुकीचं ऐकलं गेलं तर अख्खी तार वाया. म्हणून नियम केला, की ती तीन अक्षरं दोनदा टाइप करायची. आपल्याकडे नवा पासवर्ड ठेवताना दोनदा टाकायला लावतात तसं. तारेच्या सुरुवातीला सहा गुप्त अक्षरं येणार, ती म्हणजे चावी दोनदा.

रेयेफ्स्कीच्या टेबलावर रोज अशा तारांचा ढीग येई. मशीन त्याने बघितलेलं नव्हतं, म्हणजे सैन्याचं. बाजारात मिळणारं व्यापारी मॉडेल होतं, पण त्याच्या तारांचा गुंता वेगळा आणि त्याला प्लगबोर्डही नव्हता. मजकुराकडे त्याने बघितलंच नाही. फक्त पहिली सहा अक्षरं.

विचार करा. पहिलं आणि चौथं गुप्त अक्षर एकाच मूळ अक्षरापासून आलेलं आहे. ते मूळ अक्षर कोणतं ते माहीत नाही, पण दोघांचं मूळ एक आहे एवढं नक्की. आणि त्या दिवसाच्या सगळ्या तारा एकाच जागेवरून सुरू झाल्यात. समजा एका तारेत पहिलं अक्षर के आणि चौथं टी. दुसऱ्या तारेत पहिलं टी, चौथं एस. तिसरीत पहिलं एस, चौथं के. मग के पासून टी, टी पासून एस, एस पासून परत के, असं एक वर्तुळ पूर्ण झालं. दिवसाला साठ-ऐंशी तारा मिळाल्या की सगळी 26 अक्षरं अशा वर्तुळांत बसतात. एम-थ्रीला परम्युटेशनची सायकल म्हणून जे शिकवतात आणि आपण पाच मार्कांना पाठ करतो ते हेच.

रेयेफ्स्कीने सिद्ध केलं, की या मशीनमध्ये ही वर्तुळं नेहमी जोडीजोडीने येणार. 10 अक्षरांची दोन, 2 ची दोन, 1 ची दोन, असं काहीतरी. कारण रिफ्लेक्टरमुळे मशीन प्रत्येक स्थितीत अक्षरांच्या 13 जोड्याच लावतं, आणि अशा दोन जोडण्या एकावर एक ठेवल्या की वर्तुळं जुळीच होतात.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. हॉस्टेलच्या 26 खोल्या घ्या. वॉर्डनचा हुकूम निघाला, के खोलीतल्याने टी मध्ये जायचं, टी वाल्याने एस मध्ये, एस वाल्याने के मध्ये. तिघांचं वर्तुळ. आता रात्री कुणी वात्रटपणा करून दारांवरच्या पाट्या बदलल्या. अक्षरं बदलतील, पण तिघांचं वर्तुळ तिघांचंच राहील. प्लगबोर्ड म्हणजे नेमकं हे पाट्या बदलणं. दहा हजार कोटी प्रकार असूनही वर्तुळांच्या लांबीला त्याचा धक्कासुद्धा लागत नाही. ज्या भागावर जर्मनांचा सगळ्यात जास्त भरवसा, तोच या हिशेबातून गळून पडला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दीड वाजता रूममेटला उठवून सांगितलं होतं. त्याने दिलेला प्रतिसाद इथे छापण्यासारखा नाही.

ऑपरेटर लोक आपल्यासारखेच आळशी होते. मनाने तीन अक्षरं निवडा म्हटलं की एएए, नाहीतर कीबोर्डवर शेजारशेजारची. त्या सवयींवरून रेयेफ्स्कीने मूळ चाव्या ओळखल्या आणि मशीनच्या आतल्या गुंत्याची समीकरणं मांडली. पण अज्ञातं फार होती. इथे नशीब मदतीला आलं. हान्स-थिलो श्मिट नावाचा एक जर्मन कर्मचारी पैशांसाठी फ्रेंचांना कागद विकत होता. फ्रेंच हेर खात्याच्या गुस्ताव बेर्त्रांने ते पोलंडला दिले, कारण त्याच्या स्वतःच्या आणि ब्रिटिशांच्या तज्ज्ञांना त्याचा उपयोग दिसला नव्हता. डिसेंबर 1932 मध्ये रेयेफ्स्कीच्या हातात सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे तक्ते पडले. प्लगबोर्डची अज्ञातं समीकरणातून गेली. आणखी मजा अशी, की रोटरचा क्रम तेव्हा दर तीन महिन्यांनी बदलत असे, आणि हे दोन महिने वेगवेगळ्या तिमाहीतले. म्हणजे उजव्या जागेवर दोन वेगळे रोटर, दोघांचेही गुंते काढता येणार.

तरी उत्तर येईना. कीबोर्डपासून पहिल्या चक्राकडे जाणाऱ्या 26 तारा कुठल्या क्रमाने जोडल्यात? व्यापारी मॉडेलमध्ये कीबोर्डवरच्या ओळींच्या क्रमाने होत्या. तो क्रम धरून उत्तर चुकत होतं. शेवटी त्याने विचार केला, जर्मन माणूस व्यवस्थित असतो, सरळ एबीसीडीच लावलं असेल. घातलं, आणि कागदावर रोटरचा गुंता उलगडत गेला. 1932 संपता संपता हे झालं. महिन्याभरात, 30 जानेवारी 1933 ला, हिटलर चान्सलर झाला.

यानंतर वॉर्सात एनिग्माच्या प्रतिकृती बनल्या आणि झिगाल्स्की, रुझित्स्की कामात आले. पुढची सहा वर्षं म्हणजे जर्मनांनी एक पेच टाकायचा आणि यांनी तो सोडवायचा. वर्तुळांच्या लांबीवरून दिवसाची सेटिंग्ज शोधायची तर सूची हवी. रोटरचे क्रम 6, प्रत्येकाच्या जागा 17,576, म्हणजे 1,05,456 नोंदी. रेयेफ्स्कीने त्यासाठी सायक्लोमीटर नावाचं यंत्र बनवलं. वर्षाहून जास्त काळ खपून कार्डांची सूची तयार केली. मग दिवसाची सेटिंग्ज दहा-वीस मिनिटांत निघायला लागली. नोव्हेंबर 1937 मध्ये जर्मनांनी रिफ्लेक्टर बदलला, सगळी सूची रद्दी. पुन्हा बसले आणि पुन्हा केली. सबमिशनच्या आदल्या रात्री फाईल भिजली तर आपण काय करू ते आठवा. जानेवारी 1938 मध्ये दोन आठवडे चाचणी घेतली तेव्हा पकडलेल्या तारांपैकी सुमारे 75 टक्के वाचता येत होत्या.

सप्टेंबर 1938 मध्ये सुरुवातीची जागाही ऑपरेटरने स्वतः निवडायची अशी पद्धत आली. पण चावी दोनदा टाइप करण्याची खोड काही गेली नाही. त्या खोडीवरच झिगाल्स्कीने भोकं पाडलेल्या कागदांची पद्धत काढली आणि रेयेफ्स्कीने बॉम्बा नावाचं यंत्र आखलं. अशी सहा यंत्रं बांधली, रोटरच्या सहा क्रमांसाठी सहा. आणि महिन्याभरात, 15 डिसेंबर 1938 ला, जर्मनांनी दोन नवे रोटर आणले. पाचातून तीन निवडायचे, क्रम 6 चे 60 झाले. नव्या रोटरचे गुंतेही यांनी काढले, पण आता साठ बॉम्बा आणि कागदांचे साठ संच हवे होते. डोकं कमी पडलं नाही, पैसा आणि वेळ कमी पडला.

युद्ध दारात होतं. 25 आणि 26 जुलै 1939 ला वॉर्साजवळच्या पिरीच्या जंगलातल्या ऑफिसात पोलिश लोकांनी ब्रिटिश आणि फ्रेंच पाहुण्यांपुढे सगळं उघडं केलं. ब्रिटिशांचा मुरलेला तज्ज्ञ डिली नॉक्स त्यात होता. तो ज्या एका कोड्यावर अडला होता ते कीबोर्डच्या तारांचंच. उत्तर एबीसीडी आहे हे ऐकून तो चिडला आणि मग खूशही झाला. दोन्ही देशांना एकेक प्रतिकृती मिळाली. पाच आठवड्यांनी, 1 सप्टेंबरला, जर्मन रणगाडे पोलंडमध्ये शिरले.

17 सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्यही आत आलं. (तिकडून पकडून सैबेरियाकडे नेलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे 5,000 लोक पुढे 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात राहिले. आपल्या कोल्हापूरच्या पोरांनी महावीर गार्डनमधलं स्मारक बघितलं असेल.) रेयेफ्स्की आणि त्याचे दोन मित्र सरहद्द ओलांडून रुमानियात पोचले. मागे बायको इरेना, तीन वर्षांचा आंद्रेय आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी. बुखारेस्टमध्ये ब्रिटिश वकिलातीने काही दिवसांनी या म्हटलं, तेव्हा तिघे फ्रेंचांकडे गेले. फ्रेंचांनी लगेच पॅरिसला नेलं.

पॅरिसजवळच्या एका वाड्यात काम पुन्हा सुरू झालं. ब्रिटिशांनी ब्लेचली पार्कमध्ये झिगाल्स्कीच्या कागदांचे साठही संच पाडून पाठवले. ते घेऊन आला होता ॲलन टुरिंग. जानेवारी 1940 मध्ये युद्धकाळातली पहिली चावी इथेच निघाली. मग मे 1940 मध्ये जर्मनांना एकदाचं शहाणपण सुचलं, चावी दोनदा टाइप करणं बंद झालं. दोनदाच्या खोडीवर उभी असलेली पद्धत एका रात्रीत कोसळली. टुरिंगचं यंत्र मात्र टिकलं, कारण त्याने चावीऐवजी मजकुरातल्या अंदाजाच्या शब्दांवर भिस्त ठेवली होती. म्हणून टुरिंगचं कर्तृत्व कमी होत नाही आणि रेयेफ्स्कीचंही. 2014 च्या द इमिटेशन गेम सिनेमात पोलंडचा उल्लेख ओझरता येऊन जातो, त्याचा मला अजून राग आहे.

फ्रान्स पडल्यावर हे लोक दक्षिण फ्रान्समध्ये खोट्या नावांनी राहिले. 9 जानेवारी 1942 ला रुझित्स्की जहाज बुडून भूमध्य समुद्रात गेला. वयाची तेहतिशीही झाली नव्हती. वर्षअखेर जर्मन दक्षिणेतही शिरले आणि पुन्हा पळापळ. जानेवारी 1943 मध्ये रेयेफ्स्की आणि झिगाल्स्कीने वाटाड्याबरोबर पिरेनीज पर्वत ओलांडला. वाटेत त्याच वाटाड्याने पिस्तूल दाखवून पैसे लुटले. स्पेनमध्ये पोचल्यावर पोलिसांनी पकडून तुरुंगात घातलं, मे महिन्यात सोडलं. त्यांचे वरिष्ठ लांगर आणि चेंश्की जर्मनांच्या हाती सापडले. चौकशीत त्यांनी गुपित राखलं. ज्याने एनिग्माच्या प्रतिकृती बनवल्या तो इंजिनियर पाल्लूथ जर्मन छळछावणीतून परत आला नाही. यातल्या एकाने तोंड उघडलं असतं तर ब्लेचली पार्क आंधळं झालं असतं.

1943 च्या उन्हाळ्यात रेयेफ्स्की इंग्लंडला पोचला. वाटेल की आता त्याला ब्लेचलीत मानाची खुर्ची मिळाली असेल. छे! एनिग्माच्या जवळपासही फिरकू दिलं नाही. लंडनबाहेर पोलिश तुकडीत बसून त्याने हाताने लिहिलेल्या साध्या जर्मन गुप्तलिपी फोडल्या. गुप्ततेचे नियम असतात हे मान्य, पण ज्याने दार उघडलं त्यालाच दाराबाहेर बसवणं मला तरी पटत नाही.

नोव्हेंबर 1946 मध्ये तो पोलंडला परतला. सात वर्षांनी बायकामुलं भेटली. पोझनानचे जुने सर विद्यापीठात ये म्हणत होते. 1947 च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांचा आंद्रेय पोलिओने पाच दिवसांत गेला. त्यानंतर बायको आणि मुलीला सोडून दुसऱ्या गावी जायचं रेयेफ्स्कीच्या मनात आलं नाही. बिडगोश्चमध्येच केबल बनवणाऱ्या कारखान्यात विक्री विभागात नोकरी धरली. नंतर ती गेली, कारण नव्या कम्युनिस्ट सरकारच्या गुप्त पोलिसांना परदेशातून आलेला हा माणूस संशयास्पद वाटत होता. 1949 ते 1958 त्याच्यावर पाळत होती. त्याने युद्धात नेमकं काय केलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. हा दुसऱ्या छोट्या नोकऱ्या करत राहिला, हिशेब तपासत राहिला, आणि 1967 मध्ये रिटायर झाला. जाहीर एक शब्द नाही. आठवणी मात्र लिहून ठेवल्या. दोन वर्षांनी कुटुंब वॉर्साला गेलं.

1973 मध्ये बेर्त्रांचं पुस्तक आलं, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्येही गुपित फुटलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं, की वॉर्सातल्या एका फ्लॅटमध्ये राहणारे हे पेन्शनर आजोबा कोण आहेत. मग तो लेख लिहायला लागला, मुलाखती देऊ लागला. गणितात कुठे काय वापरलं ते नेमकं सांगायचा.

याच वर्षांत, 1976 मध्ये, अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांचा पेपर आला. दोघांनी उघड्यावर एकेक संख्या एकमेकांना द्यायची आणि त्यातून दोघांनी आपापल्या घरी तीच चावी बनवायची. तारेवरून चावी जातच नाही, एकदाही नाही आणि दोनदाही नाही. आपला चॅरॉन पहिल्याच निरोपात हेच करतो. फाईलमधला गुप्त शब्द फक्त मी मीच आहे हे पटवायला, तो कुणाला नंतर सापडला तरी रेकॉर्ड करून ठेवलेलं जुनं संभाषण त्याने उघडत नाही. जर्मनांचा दिवसाचा तक्ता सापडला की त्या दिवसाचं सगळं उघडत असे. पेपर आला तेव्हा रेयेफ्स्की 71 वर्षांचा होता.

13 फेब्रुवारी 1980 ला बाजारहाट करून घरी परतल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय 74. वॉर्साच्या पोवोंझ्की लष्करी स्मशानभूमीत त्याला पुरलं. ब्रिटनने त्याचं युद्धपदक 2005 मध्ये दिलं, ते मुलीने घेतलं. त्याच वर्षी बिडगोश्चमध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. चौथऱ्यावर उभा वगैरे नाही, रस्त्याकडेच्या बाकावर निवांत बसलेला, जवळ एनिग्मा मशीन.